‘द ग्रेट गॅट्‌स्बी’ : प्रीती आणि संपत्तीचे कूळ

एफ. स्कॉट फिट्‌झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्‌स्बी’ (१९२५) या कादंबरीकडे स्वप्नभंगाची प्रेमकथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु तिच्यातील निर्णायक संघर्ष प्रीतीपेक्षा संपत्तीच्या कुळाशी निगडित आहे. गॅट्‌स्बीपाशी ऐश्वर्य विपुल आहे. उणीव आहे ती वारशाची. वेस्ट एगमधील त्याचा प्रासाद आणि ईस्ट एगमधील डेझीचे घर यांच्यामध्ये केवळ खाडीचे पाणी आहे; तेवढेच अंतर त्याला अखेरपर्यंत ओलांडता येत नाही. प्लाझा हॉटेलमधील प्रसंगात टॉम प्रथम दांपत्यजीवनातील आठवणींचा आधार घेतो. डेझी द्विधा होते. तिला गॅट्‌स्बीपासून कायमचे दूर नेतो तो मात्र त्याच्या बेकायदा मद्यव्यापाराचा रहस्यस्फोट. टॉमच्या व्यभिचाराने त्याच्या प्रतिष्ठेस बाध येत नाही. वर्गाची सीमा ओलांडू पाहणारे मर्टल आणि गॅट्‌स्बी दोघेही प्राणास मुकतात. मर्टलला धडक देणारी मोटार चालविणारी डेझी सुरक्षित राहते. म्हणूनच या कादंबरीची शोकात्मता केवळ नायकाच्या भाबडेपणात शोधणे अपुरे ठरते. जन्म पुसून नवे जीवन घडविता येते अशी ग्वाही देणाऱ्या समाजानेच दाराशी आलेल्यास कूळ विचारावे, या विसंगतीत तिचे मूळ आहे.