मराठी ऑडिओबुक : अभिनय उदंड, वाचन थोडं

मराठी कादंबरी फोनवर ऐकायला मिळते, याचं नवल आता ओसरलं आहे. 2017च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आलं तेव्हा इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला मराठी सुरुवातीपासून होती. त्यानंतर पुस्तकांमागून पुस्तकं ध्वनिमुद्रित होत गेली. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये लोंबकळताना, रात्री डोळे थकल्यावर माणसं पुस्तकं ऐकू लागली. हे सगळं चांगलंच झालं. पण पुस्तक ऐकायला मिळतं एवढ्यावर खूश राहायचे दिवस आता गेले. ते वाचलं कसं आहे, हे विचारायला हवं.

मी मुख्यतः दोनच प्रकारची पुस्तकं ऐकतो : गंभीर कथा-कादंबरी आणि इतिहास. इतक्या ऐकण्यानंतर माझं मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे पुस्तक वाचून दाखवत नाहीत, ते सादर करतात. कादंबरीचं त्यामुळे नुकसान होतं आणि इतिहासाचा तर पायाच हलतो.

याचं मूळ आपल्या परंपरेत आहे, आणि ती परंपरा थोर आहे. कीर्तन, पोवाडा, आकाशवाणीवरच्या श्रुतिका, पुढे कथाकथन. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावच्या श्रोत्यांना कथा ऐकवल्या. वपुंच्या कॅसेट घरोघरी वाजल्या. पण कथाकथनाला समोर भरलेलं सभागृह असतं. हशा येतो, त्याच्यावर पुढचं वाक्य बेतता येतं आणि अर्ध्यापाऊण तासात कथा संपते. कादंबरी ऐकणारा माणूस एकटा असतो. सातशे-आठशे पानांची कादंबरी त्याच्या कानात पंचवीस-तीस तास चालते. तिथे प्रत्येक संवादाला चढलेला आवाज आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सतार किंवा बासरी आली, की तो थकतो. आणि थकला की त्याचं लक्ष शब्दांवरून उडतं.

‘कोसला’तला नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग घ्या. तिथलं दुःख वाक्यांच्या तुटकपणात आहे, त्याच त्या तपशिलांपाशी पुन्हा पुन्हा येण्यात आहे. नेमाड्यांनी ते वाक्यात बसवून ठेवलं आहे. वाचणाऱ्याने ते सपाट, जवळजवळ कोरड्या आवाजात वाचलं तर ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. त्याने स्वतःच कंठ दाटून आणला, तर ऐकणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. जी. ए. कुलकर्णींच्या बाबतीत अडचण निराळी आहे. त्यांचं वाक्य प्रतिमांनी लगडलेलं असतं. त्याला वेग कमी हवा आणि पूर्णविरामानंतर खरोखरचा थांबा हवा. संकलनात असे थांबे कापून टाकले की ‘काजळमाया’सारखा संग्रह नुसता गडद वर्णनांचा ढीग होऊन बसेल.

अनेक आवाजांना माझा सरसकट विरोध नाही. ‘मृत्युंजय’ नऊ खंडांची आहे आणि कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण हेही त्यात आपापल्या तोंडाने बोलतात. ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने कथा सांगतात. लेखकाने रचनाच तशी केली आहे, तेव्हा वेगळे आवाज घ्यावेत. ‘रणांगण’चं तसं नाही. ते जहाज, ते निर्वासित ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा, हे सगळं निवेदक चक्रधरच्या मनातून आपल्यापर्यंत येतं. हॅर्टाची पत्रंही त्याच्याच हातून आपल्याला मिळतात. तिथे मधेच कुणी नटी पत्र वाचू लागली, तर विश्राम बेडेकरांनी 1939 साली जे साधलं ते मोडतं.

बोलीचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘बनगरवाडी’तला मास्तर प्रमाण मराठीत सांगतो आणि कारभारी, आयबू, आनंदा रामोशी माणदेशीत बोलतात. ही माणदेशी म्हणजे सिनेमातली सरसकट गावरान बोली नव्हे. तिचा हेल वेगळा आहे, आणि तो ज्याच्या कानात आहे अशाच माणसाला हे पुस्तक द्यावं. नाहीतर निदान हेल न लावता साधं वाचावं. उच्चारांचंही तेच. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे आहेत हे लिपी सांगत नाही, ते कानानेच शिकावं लागतं. ‘फळ’मधला फ इंग्रजी वळणाने उच्चारलेला मी इतक्यांदा ऐकला आहे, की ध्वनिमुद्रणाच्या वेळी भाषेचा जाणकार शेजारी बसतच नसावा.

आता इतिहास. इतिहास म्हणून जे ऐकायला मिळतं त्यात ऐतिहासिक कादंबऱ्यांचा भरणा आहे. ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘पानिपत’ या मला मनापासून आवडणाऱ्या कादंबऱ्या आहेत, पण त्या कादंबऱ्या आहेत. छापील पुस्तकात हा फरक ओळखण्याच्या काही खुणा तरी असतात. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे. पुराव्याचं वजन कसं करायचं, कादंबरीकाराने कुठे सावध राहायचं, याचा तो धडाच आहे. ऐकताना ‘मूळ कथा’ लवकर सुरू व्हावी म्हणून अशी प्रस्तावना गाळायची, म्हणजे श्रोत्याच्या हातातली तपासणीची साधनं काढून घ्यायची.

खऱ्या इतिहासग्रंथाच्या एका पानावर तीन-चार जण बोलत असतात : पत्र लिहिणारा, बखरकार, फार्सी वृत्तान्त लिहिणारा आणि या सगळ्यांना तोलणारा इतिहासकार. पानिपतचंच पाहा. फार्सी वृत्तान्त लिहिणारा काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि ती मोहीम त्याने जवळून पाहिली होती. भाऊसाहेबांच्या बखरीचा बाज मात्र कथेचा आहे. शेजवलकरांसारखा अभ्यासक या दोघांना एका तागडीत घालत नाही. वाचणाऱ्याने दोन्ही उतारे एकाच वीररसात म्हटले, मागे नगारा वाजवला, तर साक्ष आणि आख्यायिका कानाला एकच वाटतात. इतिहासकाराची सगळी मेहनत तिथे वाया जाते. आवाज किंचित खाली आणून ‘आता उतारा’ एवढं सुचवलं तरी पुरतं.

कानाला मागचं पान उलटता येत नाही. पौष शुद्ध अष्टमी, शके 1682, म्हणजे 14 जानेवारी 1761, ही तिथी-तारीख धावत्या लयीत गेली की गेली. नकाशा नसला तर आणखी पंचाईत. ऑक्टोबर 1760मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये आला. दक्षिणेतून गेलेल्या फौजेला दक्षिणेकडे तोंड करून लढावं लागलं. हे डोळ्यांपुढे नसेल तर उपासमार का झाली, कोंडी का फुटली नाही, काहीच नीट उमगत नाही. फोनला पडदा असतो. त्यावर एक नकाशा द्यायला कितीसा खर्च येणार?

मुळात कानासाठी जन्मलेला इतिहासही आपल्याकडे भरपूर आहे. जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली सभासदाची बखर मोठ्याने वाचली की तिची छोटी वाक्यं लगेच पकड घेतात. गोविंद पानसरे यांचं ‘शिवाजी कोण होता?’ हे मुळात भाषणच. वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ तर समोर बसून सांगितल्यासारखा आहे. मात्र 1907 साली चिं. वि. वैद्यांनी तो छापला तेव्हा मूळ मजकुरात फेरफार केले होते. म्हणून ऐकवताना कोणती आवृत्ती वाचतो आहोत, हे सांगणं बंधनकारक असावं. पुस्तक संपूर्ण आहे की संक्षिप्त, हेही तसंच ठळकपणे सांगावं.

अंधांसाठी बोलकी पुस्तकं करणारे स्वयंसेवक साधं वाचतात. संगीत नाही, नाटक नाही, शब्द स्वच्छ. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी ही वाट व्यावसायिक ऑडिओबुकांच्या पुष्कळ आधी चालून दाखवली आहे. व्यावसायिक निर्मात्यांनी तिथून शिकावं.

आणि एक विनंती. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी आपल्याकडे त्याच्या पुस्तकावरचा हक्क संपतो. रियासतकार सरदेसाई 1959 साली गेले, शेजवलकर 1963 साली. सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’च्या त्यांनी स्वतः काढलेल्या आवृत्त्या आणि शेजवलकरांचं मराठी लेखन आता कुणालाही वाचून ध्वनिमुद्रित करता येतं. परवानगी लागत नाही, मानधन द्यावं लागत नाही. ज्यांच्यापाशी स्टुडिओ आहे आणि ज्यांच्यापाशी स्वच्छ मराठी आवाज आहे, त्यांनी ‘रियासती’चा पहिला खंड हाती घ्यावा.