संगणकाची पेटी आणि वर्ध्याचा उन्हाळा

शाळेतल्या संगणकाच्या उभ्या पेटीला बहुतेक जण 'सीपीयू' म्हणतात. खरे तर सीपीयू ही आतली तळहातापेक्षाही लहान चिप. बाहेरची पत्र्याची पेटी म्हणजे कॅबिनेट. संगणक घेताना मेमरीची, प्रोसेसरची चौकशी होते. पेटीचे मात्र फक्त रूप पाहिले जाते.

वर्धा जिल्ह्यातील एका शाळेत आलेली अशी एक पेटी आम्ही उघडून पाहिली. दर्शनी बाजू काळ्या काचेची, तिच्यामागे रंगीत दिव्यांचे दोन पंखे. मुले खूश होती. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या, त्यामुळे हात कापत नाही. मांडणी १९९५ साली इंटेलने आणलेल्या एटीएक्स पद्धतीची, म्हणजे उद्या पॉवर सप्लाय बदलायचा झाल्यास दुसऱ्या कंपनीचाही बसेल. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार आहे ती हवेच्या वाटेबद्दल. काचेतून हवा येत नाही. पंख्यांना कडेची बोटभर फट तेवढी मिळते. फटीशी पतंगाच्या कागदाची पट्टी धरली, तर ती जेमतेम हलली. पंखा हवा थंड करत नाही, नुसती बदलतो, हे विद्यार्थ्यांना सांगायला ही चांगली संधी आहे. खोलीत ४३ अंश असतील तर पेटीत त्याहून कमी होणे नाही. अनेक उत्पादक डेस्कटॉपसाठी खोलीचे कमाल तापमान ३५ अंश धरतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेची शेवटची तासिका येईपर्यंतच तो आकडा मागे पडतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो, व्हायरस आला!

दुसरी गोष्ट धुळीची. समोरून हवा पुरेशी आत येत नाही आणि मागचा पंखा ती बाहेर फेकत राहतो. मग आतला दाब किंचित कमी होऊन प्रत्येक फटीतून धूळ ओढली जाते. हा कापसाचा मुलूख. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये तंतू अडकून नमद्यासारखा थर बसला होता. समोर जाळी, तिच्यामागे धुता येणारी गाळणी आणि बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा आत येणारी जास्त, अशी साधी पेटी इथे अधिक टिकेल. या पेटीचा पॉवर सप्लाय तळाशी आहे, तो जमिनीलगतची हवा ओढतो. ती टेबलावर ठेवायला हवी. झाडू मारताना खाली तर मुळीच नको.

पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात, असे एक मुलगी म्हणाली. ते खरेच होते, टेस्टरही उजळला. पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे दोन सारखे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मे, सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण आतले इन्सुलेशन बिघडले तर सरळ फेजच पत्र्यावर येईल, आणि अर्थिंगअभावी फ्यूजही उडणार नाही. हा दोष पेटीचा नव्हे, भिंतीतल्या वायरिंगचा. मात्र पेटी धातूची असल्याने तो मुलांच्या बोटांपर्यंत पोचतो. तिसऱ्या पिनेच्या भोकामागे तारच नव्हती. ती घातली जाईपर्यंत खोलीला कुलूप लावा, असे मुख्याध्यापकांना सांगून आम्ही निघालो.