ओसरीचे सौंदर्यशास्त्र : बाळकृष्ण दोशी यांचा कलाविचार आणि बंगळुरूचे एक संकुल

मराठीतील कलाविषयक चर्चा दीर्घकाळ ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या द्वंद्वाभोवती फिरत राहिली. फडके-खांडेकर वादाने हे द्वंद्व सर्वपरिचित केले. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलेच्या स्वायत्ततेची बाजू मांडली, तर रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाने त्या प्रश्नाला व्यापक तात्त्विक अधिष्ठान दिले. मात्र या चर्चेत उदाहरणे येतात ती प्रामुख्याने कविता, कथा-कादंबरी, चित्र आणि संगीत यांची. जिथे माणसे राहतात, शिकतात, ये-जा करतात त्या वास्तूचा विचार कडेलाच राहिला. वास्तुरचनाकार बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी (१९२७-२०२३) यांचा कलाविचार या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे; कारण उपयोग आणि सौंदर्य यांची फारकतच त्यांना मान्य नव्हती.

ही फारकत कान्टच्या विवेचनात स्पष्टपणे आढळते. १७९० सालच्या आपल्या ग्रंथात त्याने मुक्त आणि परायत्त असे सौंदर्याचे दोन प्रकार मानले आणि परायत्त सौंदर्याच्या उदाहरणांत चर्च, राजवाडा, शस्त्रागार अशा इमारतींचा समावेश केला. इमारत कशासाठी आहे ही कल्पना आधी आणि तिचे सौंदर्य त्या कल्पनेने मर्यादित झालेले, असा हा क्रम आहे. प्रयोजन आधी निश्चित असते हे येथे गृहीत आहे. दोशी यांच्या कामातून आव्हान मिळते ते नेमके याच गृहीतकाला.

दोशी यांचा जन्म पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय असलेल्या एकत्र कुटुंबात झाला. कुटुंब वाढेल तसतसे वाढत गेलेले घर हा त्यांचा वास्तूविषयीचा पहिला संस्कार होता. मुंबईच्या जे. जे. मधील शिक्षणानंतर १९५१ पासून त्यांनी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केले आणि पुढे अहमदाबाद ही कर्मभूमी मानली. तेथील व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीत ते लुई कान यांचे सहकारी होते. अशा रीतीने आधुनिक वास्तुकलेच्या दोन थोर परंपरा त्यांना प्रत्यक्ष सहवासातून लाभल्या. त्या पचवून त्यांनी स्वतःची जी भाषा घडवली, तिचा एक परिपक्व आविष्कार म्हणजे बंगळुरूच्या बन्नेरघट्टा रस्त्यावरील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संकुल होय. १९७७ पासून ते टप्प्याटप्प्याने आकाराला आले.

या संकुलाला दर्शनी भाग असा जवळजवळ नाहीच. करड्या स्थानिक ग्रॅनाइटच्या भिंती, चौक आणि त्यांना जोडणारे उंच, लांबच लांब मार्ग हेच त्याचे मुख्य द्रव्य आहे. हे मार्ग कोठे पूर्ण छताखाली, कोठे वेलींनी आच्छादलेल्या तुळयांखाली, तर कोठे उघड्या आकाशाखाली जातात. प्रहर आणि ऋतू यांनुसार त्यांतील ऊनसावली पालटते. मर्ढेकरांच्या परिभाषेत या रचनेचे वर्णन सहज करता येईल : अरुंद आणि रुंद यांचा विरोध, दगडाच्या पोताचा संवाद, घन आणि रिक्त यांचा समतोल. पण तेवढ्याने वर्णन पुरे होत नाही. ही लय एका जागी उभे राहून दिसत नाही. ती चालणाऱ्याला, थांबणाऱ्याला, गप्पांत रमणाऱ्यालाच प्रतीत होते. म्हणजे वापर हा येथे सौंदर्यानुभवाच्या बाहेरचा घटक नसून त्या अनुभवाची अट आहे.

वर्ग, ग्रंथालय, कार्यालये, वसतिगृहे या संस्थेच्या गरजा मोजता येतात. मार्ग ही मात्र काटकसरीच्या हिशेबात शक्य तितकी आखूड ठेवायची गोष्ट. दोशी यांनी हा हिशेब उलटा केला. शिक्षण वर्गाबाहेरच्या अनौपचारिक भेटींतही घडते, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे दोन निश्चित उपयोगांमधली अनिश्चित जागा त्यांनी वास्तूच्या केंद्रस्थानी आणली. मराठी माणसाला हा अवकाश अनोळखी नाही. वाड्यातील ओसरी घरातही नसते आणि घराबाहेरही नसते. तिथे हिशेब होतात, धान्य निवडले जाते, पाहुणा टेकतो, मुले अभ्यास करतात. तिचे एकच एक प्रयोजन सांगता येत नाही, म्हणून ती निष्प्रयोजन ठरत नाही. ओसरीत प्रयोजन रूपाच्या आधी ठरलेले नसते, ते रूपातून निपजते. कान्टचा क्रम येथे उलटतो.

तौलनिक दृष्टीने या संकुलाचे फत्तेपूर सिक्रीशी असलेले नातेही महत्त्वाचे आहे. ती प्रेरणा दोशी यांनी स्वतःच सांगितली आहे. परंतु सिक्रीचा तांबडा वालुकाश्म, तेथील राजसत्तेचा डौल किंवा तिची अलंकरणे त्यांनी उचलली नाहीत. उचलला तो चौकांच्या परस्परसंबंधाचा अन्वय, आणि तो बंगळुरूच्या सौम्य हवेत, उद्यानांच्या परंपरेत रुजवला. उत्तम अनुवादक शब्द सोडतो आणि वाक्याचा श्वास धरतो, तशातलाच हा प्रकार आहे. प्रभाव आणि अनुकरण यांतील भेद शिकवताना साहित्याभ्यासकाने हा दाखला जरूर वापरावा.

या विचाराच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. ‘पाथ्स अनचार्टेड’ (२०११) हे आत्मकथन आणि दोशी यांचे इतर लेखन पुष्कळदा स्वप्न, साक्षात्कार, मिथक यांच्या भाषेत बोलते. वास्तूमागील व्यावहारिक निर्णयांची, तडजोडींची उकल त्यात मागे पडते. शिवाय बंगळुरूची ओसरी कुंपणाच्या आत आहे. निवडक विद्यार्थ्यांना लाभणाऱ्या मोकळिकीला सामूहिक जीवनाचे रूप मानता येईल काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे अंशतः उत्तर इंदूरच्या अरण्य वसाहतीत सापडते. तेथे अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना जोते आणि मूलभूत सोयी देऊन पुढचे घर ऐपतीप्रमाणे वाढवण्याची मुभा ठेवली होती. पुण्यातील वाढत्या घराचा संस्कार येथे सामाजिक धोरणाच्या पातळीवर पोचतो, आणि अपूर्णता हाच रचनेचा गुण ठरतो.

२०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे दोशी हे पहिले भारतीय ठरले. मराठी सौंदर्यविचाराच्या दृष्टीने मात्र त्यांचे महत्त्व या मानसन्मानाहून वेगळ्या ठिकाणी आहे. जीवनवादाने उपयोगाला कलेचा हेतू मानले, कलावादाने त्याला कलेची बाधा मानले. उपयोग आधीच ठरलेला असतो, याविषयी मात्र दोन्ही पक्षांचे एकमत होते. बंगळुरूचे संकुल हे एकमतच अमान्य करते. कीर्तन, ओवी, पोवाडा यांसारख्या प्रयोगात आणि वापरात जगणाऱ्या मराठी रूपांचा विचार करताना हा धडा उपयोगी पडेल. जात्यावरची ओवी दळणासाठी की दळण ओवीसाठी, हा प्रश्न दळणारीने कधी विचारला नाही. तो का विचारला नाही, याचा शोध समीक्षेने घ्यायचा आहे.