शेजारच्या खाटेवरची बाई

आजारावर लिहिलेल्या पुस्तकाची समीक्षा करणे जरा अवघड असते. लेखिकेने जे सोसले त्याच्यापुढे वाचक आधीच नमलेला असतो, आणि नमलेल्या माणसाला नीट वाचता येत नाही. भाषा सैल आहे, प्रसंग बेतलेले आहेत, शेवट ओढूनताणून मंगल केला आहे, हे दिसत असूनही आपण गप्प बसतो. फार तर ‘प्रांजळ’ असे एक विशेषण देऊन पुस्तक मिटतो. परंतु प्रांजळपणा हा अशा लेखनाचा केवळ आरंभ होय. त्यापुढे लेखिकेने काय पाहिले आणि कसे पाहिले, हा प्रश्न इतर कोणत्याही वाङ्मयाप्रमाणे येथेही विचारलाच पाहिजे.

स्तनाच्या कर्करोगावरील पुस्तके वाचताना मला स्वतःपुरता एक निकष सापडला आहे, तो ह्या लेखात तपासून पाहावयाचा आहे. निकष साधा आहे : ह्या पुस्तकात शेजारच्या खाटेवरची बाई कशी दिसते? ती दिसतच नसेल, किंवा नायिकेच्या धैर्याला उठाव देण्यापुरतीच येऊन जात असेल, तर पुस्तक कितीही खरे असो, मला ते अपुरे वाटते. हा निकष काही मला पुस्तकांनी दिला नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हे उपचार घेतले. शस्त्रक्रिया, केमो, शेक, सगळे. त्या दिवसांत घरी ही पुस्तके वाचत होते आणि मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या बाकावर तासन् तास बसत होते. तेव्हा मी तटस्थ नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

ह्या विषयावरचे एक फार जुने आणि आजही अंगावर काटा आणणारे लेखन म्हणजे फॅनी बर्नी ह्या इंग्रज कादंबरीलेखिकेचे पत्र. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये तिचा उजवा स्तन कापून काढण्यात आला. शस्त्रवैद्य होता नेपोलियनच्या सैन्यातला प्रसिद्ध लारे. ईथरची भूल देणे १८४६ साली सुरू झाले. तेव्हा ह्या बाईला जे काही सोसावयाचे ते शुद्धीवर राहूनच सोसावयाचे होते. काळ्या पोशाखातले सात पुरुष खोलीत शिरतात, तोंडावर रुमाल टाकला जातो, आणि तो इतका पातळ असतो की त्यातून पात्याची चकाकी दिसते. वर्णनाची ही धार सर्वांनीच वाखाणली आहे. मला मात्र त्या पत्रातली दुसरी एक जागा अधिक महत्त्वाची वाटते. गादीवर चढण्याच्या क्षणी तिला आपल्या बहिणी आठवतात. आपल्याला सावरायला, झाकायला ह्यांतली एकही जवळ नाही, ह्या जाणिवेने ती कळवळते. मोलकरीण आणि दोन परिचारिका ह्यांना बाहेर जाण्याचा हुकूम होतो. ‘त्यांना राहू द्या’ म्हणून ती वाद घालते, आणि त्या वादानेच तिच्या अंगात थोडा जीव येतो. दोघी पळून जातात, एक थांबते. त्या थांबलेल्या बाईचे नाव पत्रात नाही. तिच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे. पण ती ओळ काढून घेतली तर उरलेले पत्र वाचवणार नाही.

हे पत्र लिहिले आहे बहिणीलाच, एस्थरला. ते पुरे व्हायला कित्येक महिने लागले, कारण लिहिलेले पुन्हा वाचणेही बर्नीला झेपत नव्हते. खोलीत जिची उणीव होती तिला पत्रात समोर बसवून घेतले, असे म्हणावयाला हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतर बर्नी २८ वर्षे जगली.

सुझन सोन्टॅगचे ‘इलनेस अ‍ॅज मेटॅफर’ हे १९७८ चे पुस्तक वरवर पाहता माझ्या निकषाला उतरणार नाही. त्यात शेजारची बाई तर नाहीच, खुद्द लेखिकाही नाही. १९७५ साली तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले होते, उपचार झाले होते. पण पुस्तकात त्याचा चकार शब्द नाही. क्षय आणि कर्करोग ह्यांच्याभोवती समाजाने रचलेल्या उपमारूपकांचा ती शांतपणे समाचार घेते. कर्करोग हा दाबून टाकलेल्या भावनांचा आजार, कर्करोग म्हणजे शत्रूची स्वारी, अशा कल्पनांनी रोग्याला रोगाव्यतिरिक्त आणखी एक शिक्षा होते, हे तिचे म्हणणे. ‘मी’ का आला नाही ह्याचा खुलासा तिने पुढे १९८९ च्या ‘एड्स अँड इट्स मेटॅफर्स’मध्ये केला. आणखी एका बाईने आपले रडणे आणि धीर धरणे सांगितल्याने कोणाचे भले होईल असे तिला वाटले नाही. पण त्याच ठिकाणी ती दुसरीही एक गोष्ट सांगते. रुग्णालयात ज्या सहरुग्णांशी ती बोलली त्यांतल्या कितीतरींना आपल्या आजाराची किळस आणि लाज वाटत होती. ते पाहून तिला संताप आला, आणि त्या संतापाने तिची स्वतःची भीती काहीशी मागे सरली. म्हणजे विद्वत्तेने भरलेल्या ह्या पुस्तकाचे मूळ शेजारच्या खाटेपाशीच आहे. मला तर त्यातले प्रत्येक वाक्य एखाद्या लाजून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाईला उद्देशून लिहिलेले वाटते.

येथवर सोबतीचे महत्त्व सांगितले. परंतु सोबत म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १९५२ साली शस्त्रक्रिया झालेल्या टेरीज लॅसर ह्या अमेरिकन बाईंनी ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला. जी ह्यातून गेली आहे तिनेच नव्या रुग्णाला भेटावे, ही त्यातली मुख्य कल्पना. हातात व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी, चोळीत ठेवायला तात्पुरता कृत्रिम स्तन, आणि समोर हसत उभी असलेली धडधाकट बाई. ज्या काळात ह्या रोगाचे नाव घरातही कुजबुजत घेत, त्या काळात हे धाडसाचे काम होते. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतले.

१९७८ साली अशीच एक सोबतीण ऑड्री लॉर्डच्या खाटेपाशी आली. लॉर्ड कवयित्री, कृष्णवर्णीय, स्त्रियांवर प्रेम करणारी. आलेली बाई प्रेमळ होती; तिने लोकरीचा फिकट गुलाबी गोळा पुढे केला. लॉर्डला मात्र वेगळेच विचारावयाचे होते, आणि ते विचारता येईल अशी ती बाई नव्हती. ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) ह्या तिच्या छोट्या पुस्तकातला हा प्रसंग मला अतिशय मोलाचा वाटतो, कारण त्यात कोणीही दुष्ट नाही. पुढे शस्त्रवैद्याच्या खोलीत ती तो गोळा न घालता गेली, तेव्हा तेथल्या परिचारिकेने सांगितले की असे येण्याने इतरांचा धीर खचतो. ह्यावर लॉर्डने जो विचार मांडला तो ह्या पुस्तकाचा कणा आहे. प्रत्येकीने जर उणीव झाकली, तर एक स्तन असलेल्या बायका एकमेकींना ओळखणार कशा? रस्त्यात, बसमध्ये, सभेत शेजारी बसलेली बाई आपल्यासारखी आहे हे कळलेच नाही तर सोबत मिळणार कोठून? झाकण्याचा आग्रह तिला सौंदर्याच्या प्रश्नापेक्षाही एकटे पाडण्याचा प्रश्न वाटतो.

तिचे म्हणणे मला पूर्ण मान्य नाही. आमच्या बाकावर ज्या बायका कापडाची गुंडाळी चोळीत घालून येत, त्यांना गर्दीच्या लोकलमध्ये लोकांच्या नजरा चुकवावयाच्या होत्या. त्यांना भित्र्या म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण एकमेकींपासून त्या काही झाकत नव्हत्या. हे लॉर्डला आवडले असते असे वाटते.

त्या बाकाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण माझा निकष तेथलाच आहे. केमोचे चक्र बहुधा २१ दिवसांचे असते. ज्यांची तारीख एक, त्या दर तीन आठवड्यांनी भेटतात. पंढरपूरकडची एक, वसईची एक, एक घरकाम करणारी आणि एक मी. एरवी आम्ही चौघी एका बाकावर कधी बसलो नसतो. पहिल्याच दिवशी वसईच्या बाईंनी मला सांगितले, “ताई, लाल औषध चढलं की लघवी लाल होते. रक्त समजून घाबरू नका.” हे डॉक्टरांच्या कागदावर छापलेले होते आणि मी ते वाचलेही होते. तरी त्या रात्री मला आठवला तो कागद नव्हे, बाईंचा आवाज. शस्त्रक्रियेनंतर नळी आणि तिच्या टोकाला बाटली घेऊन वावरावे लागते. ती अडकवायला कापडी पिशवी कशी शिवावी, केस गळायच्या आत बारीक का कापून घ्यावेत, तोंड आले की ताक आणि भात कसा गिळावा, हे सारे तेथे कळले. ‘आज किती मिलीलिटर?’ हा आमच्यात रामराम होता. रडणे फारसे झाले नाही. उपदेश तर मुळीच नाही.

अशी सोबत बिघडतेही. बार्बारा एरेनराइकने ‘हार्पर्स’ मासिकात २००१ साली ‘वेलकम टू कॅन्सरलँड’ हा निबंध लिहिला तो ह्या बिघाडाविषयीच. गुलाबी फिती, कापडी अस्वले, आणि ‘ह्या आजाराने मला नवे जीवन दिले’ असे म्हणण्याची सक्ती. तिने आपला राग सहरुग्णांपुढे मांडला, तेव्हा त्यांनी तिलाच मन सुधारण्याचा सल्ला दिला. तिचा उपहास कधीकधी कडवट होतो आणि गुलाबी फीत लावणाऱ्या साध्या बाईवर अन्याय करतो. पण तिने दाखवलेला धोका खरा आहे. हसण्याची सक्ती करणारी सोबत ही सोबत नसून पहारा होय.

ह्या सक्तीला काही काळ शास्त्राचाही आधार मिळाल्यासारखा वाटला. १९८९ साली डेव्हिड स्पीगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोग शरीरात पसरलेल्या ह्या स्त्रियांपैकी ज्या आठवड्यातून एकदा गटात बसून बोलत होत्या, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष अधिक जगल्या. पण पुढे कॅनडातील पामेला गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांचा असाच अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष २००१ साली आला : आयुष्य वाढत नाही, मात्र मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी होते, विशेषतः ज्या आधीच फार त्रासलेल्या असतात त्यांची. स्पीगेल ह्यांच्या स्वतःच्या नंतरच्या अभ्यासातही पहिला निष्कर्ष एकंदरीत पुन्हा मिळाला नाही. हे वाचून कोणी निराश झाले असेल; मला मात्र सुटल्यासारखे वाटले. सोबतीने आयुष्य वाढत असते, तर जी गेली तिची सोबत कमी पडली असे म्हणावे लागले असते. आता तसे म्हणण्याचे कारण उरत नाही.

ह्याच कारणाने माझ्या वाचनात आलेल्या मराठी आजारकथांतला ‘झुंज’ हा शब्द मला खटकतो. मुखपृष्ठावर झुंज, प्रस्तावनेत झुंज, शेवटी विजय आणि आभारांची यादी. लिहिणारीचा उत्साह समजण्यासारखा आहे. त्या शब्दाने कित्येकींना उभे राहायला बळ दिले असेल. पण जी वाचली ती जिंकली असे म्हटले, की जी गेली ती हरली असे आपोआप ठरते. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की केमोची तारीख पुढे ढकलतात, म्हणून एखादी बाकावर दिसली नाही तर आम्ही काही बोलत नसू. पंढरपूरकडच्या बाई एकदा दिसल्या नाहीत, दुसऱ्यांदाही नाहीत. तिसऱ्यांदा वसईच्या बाईंनी त्यांची जागा सोडून पिशवी अलीकडे ठेवली, तेव्हा मला कळले. औषध, धीर, नवस, काही म्हणजे काही त्यांनी सोडले नव्हते. त्यांना हरलेली म्हणणारी भाषा मला चालणार नाही, मग ती कितीही प्रांजळ असो.

वास्तविक मराठीला दुसरी भाषा ठाऊक आहे. जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या बायकांनी आपले दुःख एकटीचे ठेवले नाही. खुंट्याला दोघींचे हात असत आणि एकीच्या ओवीला दुसरीची ओवी जोडून येई. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतःच्या हालांकडे हसत पाहिले, आणि तसे पाहताना भोवतालच्या माणसांनाही पानावर जागा दिली. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा अंदाज आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी गावोगावचे कर्करोगी आणि त्यांचे नातेवाईक महिनोन्महिने राहतात. तेथे रोज जे बोलले जाते त्यात अनेक पुस्तके आहेत.

त्यांतले एखादे लिहिले जाईल तेव्हा ते एका नायिकेचे नसावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. त्यात तारखा असाव्यात, मिलीलिटर असावेत, ताकभात असावा; आणि जिचे नाव लेखिकेला शेवटपर्यंत नीट कळले नाही, अशी एक तरी बाई त्यात पुरती दिसावी.