‘रूड्सबी’ कोणी कोणाला म्हणावे?

‘रूड्सबी’ हा इंग्रजीतला जुना, आता वापरातून गेलेला शब्द. अर्थ, उद्धट नि धिंगाणा घालणारा माणूस. ‘रूड’ला आडनावासारखी शेपटी जोडलीय, आपण ‘उद्धटकर’ म्हणावं तशी. शेक्सपिअरनं तो दोन स्त्रियांच्या तोंडी घातला आहे.

‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये दारात तलवार उपसणाऱ्या सर टोबीला ऑलिव्हिया हाच शब्द वापरून हाकलते. टोबी नात्यानं वडीलधारा खरा, पण घर तिचं. तो निघून जातो. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये, म्हणजे आपल्याकडे ‘त्राटिका’ झालेल्या नाटकात, ऐन लग्नाच्या दिवशी वाट पाहायला लावणाऱ्या पेत्रुकियोला कॅथरिना हेच म्हणते. तिची पारख अचूक, पण उपयोग काय? तो विचित्र वेषात येतो, पुरोहितावर हात टाकतो नि मेजवानीआधीच तिला घेऊन चालता होतो. प्रेक्षक हसतात.

शब्द तोच, पण ऑलिव्हियाच्या हाती घर आहे, कॅथरिनेच्या हाती काहीच नाही. उलट ‘कजाग’ हा शिक्का तिच्याच कपाळी. आम्हीही त्या प्रवेशाला वर्षानुवर्षे हसत आलो. आता वाटतं, तेव्हा आम्ही तिचं ऐकलंच नव्हतं.