प्रशस्ती, बखर आणि विकल्प : कडारम मोहिमेच्या कथनांविषयी

कल्कींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ (१९५०-५४) या तमिळ कादंबरीत कुडंदै, म्हणजे आजच्या कुंभकोणम, येथील एक ज्योतिषी वानतीच्या पोटी दिग्विजयी पुत्र जन्मेल असे भाकीत वर्तवतो. हा पुत्र म्हणजे पहिला राजेंद्र चोळ. १०२५ मध्ये त्याच्या आरमाराने समुद्र ओलांडून श्रीविजयाच्या बंदरांवर स्वारी केली. वाचकाला हा निकाल आधीच ठाऊक असल्याने भाकीत खोटे ठरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा नियतिवाद केवळ कादंबरीकाराचा नव्हे. तो मूळ साधनाच्या आकृतिबंधातूनच आलेला आहे, असे म्हणावे लागते.

या मोहिमेचे मुख्य साधन म्हणजे राजेंद्राची तमिळ प्रशस्ती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील शिलालेखात ती आढळते. जहाजे पाठविली, कडारमच्या राजाला पकडले, श्रीविजय, पण्णै, मलैयूर इत्यादी तेरा स्थळे जिंकली, एवढेच ती सांगते. वारे कसे होते, सैन्य किनाऱ्यावर कसे उतरले, कोणता डाव फसता फसता राहिला, याविषयी ती मौन बाळगते. राजराजाच्या काळात श्रीविजयाच्या राजांनी नागपट्टिणम येथे विहार उभारला होता. त्या स्नेहाचे वैर का झाले, हेही तीत नाही.

याउलट जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विकल्पाचे दार ‘भाऊसाहेबांची बखर’च्या एका पानात उघडते. विश्वासरावाला लागलेली गोळी तेथे हुकते आणि १७६१ चा निकाल पालटतो. बखर साधन म्हणून कमी विश्वसनीय मानली जाते. परंतु घटनेतील आकस्मिकता ती जपते, आणि विकल्पेतिहासाला प्रथम तीच हवी असते.

यावरून तमिळ परंपरा नियतिवादी आणि मराठी परंपरा मुक्त, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. फरक भाषांचा नसून जेत्याच्या व पराभूताच्या स्मृतीचा आहे. ‘सेजारह मलायु’ या मलय ग्रंथातील एक कथा येथे महत्त्वाची ठरते. चीन जिंकण्यास निघालेला एक भारतीय राजा तुमासिकपर्यंत येतो. चिनी लोक गंजलेल्या सुया आणि दात पडलेले म्हातारे घेऊन एक जहाज पाठवितात. आपण निघालो तेव्हा तरुण होतो आणि या सुया म्हणजे जाड लोखंडी कांबी होत्या, असे ते म्हातारे सांगतात. चीन फारच दूर आहे असे समजून राजा परत फिरतो. या कथेत अनेक अभ्यासकांना चोळ स्वारीची पुसट स्मृती दिसते.

ती मान्य केल्यास, आरमार परत फिरले असते तर काय, हा प्रश्न विजयाच्या शिलालेखात जरी उमटला नाही, तरी समुद्रापलीकडील आख्यानात तो उमटला, असे म्हणता येते. विकल्पेतिहासाचा तौलनिक अभ्यास आधुनिक विज्ञानकथेपासून नव्हे, तर अशा आख्यानांपासून सुरू व्हावयास हवा.