तेरा दिवसांचा हिशेब

मृत्यूवर आपल्या वाङ्मयात पुष्कळ लिहिले गेले आहे. मृत्यूनंतरच्या दिवसांवर मात्र त्या मानाने थोडे. विलापिका बहुधा चितेपाशीच थांबते. परंतु ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यावेच लागते, भटजींना निरोप धाडावा लागतो, आल्यागेल्यांची अंथरुणे मोजावी लागतात, आणि कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे राहणार हे न बोलता ठरून जाते. ह्या साऱ्याला आपण ‘व्यवहार’ असे नाव देतो आणि शोकाच्या पंक्तीला त्याला बसू देत नाही. ही पंक्तिभेदाची रीत मोडणारी दोन नाटके मराठीत आहेत: सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) आणि महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५).

‘महानिर्वाणा’तील भाऊराव मरण पावले आहेत आणि स्वतःच्या मरणाचे आख्यान तेच कीर्तनाच्या थाटात लावतात. जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे हा त्यांचा हट्ट. ते स्मशान तर बंद झालेले. प्रेत घरात, मुलगा नाना पेचात आणि चाळकऱ्यांना घाई. ह्या विनोदाखाली एक कठोर निरीक्षण आहे. काम उरकल्याखेरीज शोकाला जागा मिळत नाही, आणि काम उरकले की शोकाचे निमित्तच उरत नाही. पत्नी रमा हिचे मन खांदेकऱ्यांतील ‘डावीकडून तिसऱ्या’वर जडते. ही निव्वळ टवाळी समजणे उचित नव्हे. उद्यापासून आपल्यासोबत कोण, हा तिचा प्रश्न चाळीच्या कोणत्याही विधीत बसत नाही. म्हणून तो असा वेडावाकडा बाहेर पडतो. तरीही रमेच्या वाट्याला हास्यच अधिक आले आहे, तिच्या प्रश्नापाशी नाटककार फार वेळ थांबत नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे.

एलकुंचवार थांबतात. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी निवर्तले आहेत आणि घर मुंबईच्या सुधीरची वाट पाहत आहे. ह्या नाटकाचे वर्णन ‘सरंजामी घराण्याच्या ऱ्हासाची शोकांतिका’ असे करण्याचा प्रघात पडला आहे. ते खोटे नाही, पण त्यामुळे नाटकाचा पाया नजरेआड होतो. हा पाया म्हणजे सुतकाचे दिवस. तेरवीला गावजेवण घालावयाचे, तेही देशपांड्यांच्या इतमामाला शोभेल असे. आणि पैसा तर नाही. खर्च कोणी सोसावा ह्यावरून भाऊ एकमेकांना चाचपतात. दारचा नादुरुस्त ट्रॅक्टर कोणी हलवीत नाही. घरचे दागिने ताब्यात आल्यावर एका रात्री भास्कर ते आपल्या पत्नीच्या अंगावर चढवावयास लावतो. एखाद्या सामान्य नाटककाराने हा प्रसंग लोभाचा केला असता. येथे मात्र बापाच्या पश्चात आपण कर्ते झालो हे त्या माणसाला स्वतःला पटवून घ्यावयाचे आहे, असे जाणवते. त्याला रडता येत नाही. तो दागिने पाहतो. हिशेब हीच ह्या घराची शोकाची भाषा आहे.

ह्या हिशेबात कोण धरले जात नाही, हेही पाहण्यासारखे आहे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र नसेल तर मृताच्या वाट्याचे वारस म्हणून मुलगे, मुलगी, विधवा आणि मृताची आई ह्यांना एकाच वर्गात बसविले. म्हणजे आई, प्रभा, इतकेच काय पण जराजर्जर दादीसुद्धा वारस! परंतु त्याच कायद्याच्या २३व्या कलमान्वये, पुरुष वारस वाटणी मागत नाहीत तोवर स्त्री वारसाला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. अविवाहित मुलीला राहण्याचा हक्क होता, एवढेच. हे कलम २००५ साली गेले. नाटक आले तेव्हा ते जारी होते. तेव्हा ‘वाडा एकसंध राखावयाचा’ ह्या उदात्त भाषेचा प्रभेच्या बाबतीत काय अर्थ होतो? शिकण्याची इच्छा वडिलांनी दडपलेली ही मुलगी दागिन्यांतील वाटा मागते तो शिकण्यासाठी. एलकुंचवार कायद्याचा शब्दही उच्चारीत नाहीत. पण वाड्याची भिंत कोणाच्या अंगावर उभी आहे हे प्रेक्षकाला पुरते समजते. चंदूचेही तसेच. सर्वांची कामे करणाऱ्याला दुःख विचारण्याची कोणाला सवड नसते.

आपणांपैकी नोकरीनिमित्त दिल्ली-कलकत्त्याकडे राहणाऱ्यांस सुधीर हे पात्र बोचल्याखेरीज राहणार नाही. पूर्वी तार यावयाची. तारखाते २०१३ साली बंद झाले आणि आता बातमी क्षणात पोचते. परंतु अंतर मिटलेले नाही. सुधीर वाईट मुलगा नव्हे. तो येतो, कळवळतो, शहाणपणाचे चार शब्द सांगतो आणि परत जातो. त्याच्या मनातले घर आणि राहणाऱ्यांचे घर ही दोन निरनिराळी घरे आहेत. रजा संपते त्या दिवशी दूरच्या मुलाचे सुतक फिटते. घरात राहणाऱ्यांचे तेथून सुरू होते. नाटककाराने त्याला शिक्षा दिलेली नाही, माफीही दिलेली नाही. हा तोल मला नाटकातील सर्वांत मोठा गुण वाटतो.

म्हणूनच दोहोंत ‘वाडा चिरेबंदी’चे पारडे जड आहे. ‘महानिर्वाण’ विधीतील पोकळपणा उघडा पाडते. एलकुंचवारांचे नाटक विधी आटोपल्यावर भांडी कोणी घासली हे दाखविते. मृताच्या आत्म्यास शांती लाभो असे आपण सर्वच म्हणतो. त्यासोबत आईजवळ कोण निजणार, प्रभेच्या शिक्षणाचे काय आणि किल्ल्या कोणाकडे, हे तीन प्रश्न उघडपणे विचारावयास जे वाङ्मय शिकविते, त्याला ‘व्यवहारी’ म्हणून हिणवण्याचे कारण नाही. मृतावरील प्रेम अखेर मागे राहिलेल्यांच्याच वाट्याला जावयाचे असते.